आत्ताच का?

सोलापूर, रविवार रात्र

जेवताना अप्पांनी विचारलं, "चौदा वर्षं नोकरी झाली तुझी, चांगला पगार आहे. आता परत शिकायला परदेशात कशाला गं?" अर्जातही पहिला प्रश्न हाच आहे. एमबीए कशासाठी, आणि आत्ताच का?

अप्पा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. माग बसवायचा, अडला की चालू करून द्यायचा. आज बोलता बोलता म्हणाले, "कुठला माग घ्यायचा ते मालक ठरवायचा. दारात आला की आम्ही बसवायचा. कधी विचारलं नाही कुणी." मी भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिले. माझंही तेच आहे. गोदामांसाठी कोणती संगणक सिस्टीम घ्यायची, आधी कुठल्या गावात चालू करायची, तिथल्या जुन्या कारकुनांनी पुढे काय करायचं, हे सगळं ठरून गेल्यावर काम माझ्या हातात येतं. बसवते मी उत्तम. पण ठरवताना मला तिथं असायचंय. आणि पुढे इथल्या छोट्या टॉवेलवाल्याला परवडेल अशी, ऑर्डरपासून माल पाठवण्यापर्यंतची व्यवस्था उभी करायची आहे. अप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि लगेच खर्चाचं विचारलं.

अर्ज करणाऱ्यांत भारतातले आयटीवाले भरपूर असतात. 'टीम सांभाळली, प्रोजेक्ट वेळेत दिलं' हे प्रत्येकाच्या निबंधात असणारच. त्यामुळे निबंध मी या कारकुनांपासून सुरू करणार. नव्या स्क्रीनला हात लावायला घाबरणाऱ्या एका गृहस्थांच्या शेजारी मी आठवडाभर बसले होते. त्यांची जुनी वही पाहून आम्ही स्क्रीनवरच्या रकान्यांचा क्रम बदलला. माझ्या कामातला हा निर्णय पूर्ण माझा होता.

कोर्स कुठला, यावर बरेच दिवस घातले. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एमबीएला बहुतेक मुलं विशीच्या उत्तरार्धातली. दोन वर्षं पगार बंद ठेवणं मला जमणार नाही, आणि माझ्या अनुभवाच्या माणसाने तसं करावं असंही मला वाटत नाही. तिथल्याच एमआयटी विद्यापीठाचा स्लोन फेलोज हा एमबीए कोर्स १२ महिन्यांचा, किमान १० वर्षं अनुभव मागणारा. स्टॅनफर्डचा एमएसएक्स हा व्यवस्थापनाचा मास्टर्स कोर्स वर्षभराचा, त्याला ८ वर्षं लागतात. फ्रान्समधल्या इन्सेआडचं एमबीए १० महिन्यांत संपतं आणि सिंगापूरलाही शिकता येतं, पण तिथलेही बरेच जण माझ्याहून लहान. मन स्लोन फेलोजकडे ओढतंय, कारण वर्गात माझ्यासारखी, अर्धी कारकीर्द पार केलेली माणसं असतील.

जीमॅट या प्रवेशपरीक्षेची धास्ती होती, ती कमी झाली आहे. नव्या परीक्षेत ४५ मिनिटांचे ३ विभाग आणि ६४ प्रश्न असतात, गुण २०५ ते ८०५ मध्ये. भूमिती गेली, इंग्रजी वाक्यं दुरुस्त करायचे प्रश्नही गेले. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारखीला हा मोठा दिलासा आहे. तक्ते आणि आकडे वाचायचा विभाग तर रोजच्या कामातलाच. उताऱ्यांना मात्र वेळ द्यावा लागेल. पहाटे, घर जागं व्हायच्या आत. गुण ५ वर्षं चालतात, म्हणून परीक्षा आधी उरकायची.

शिफारसपत्राचं काल एका वरिष्ठांशी बोलले. ते म्हणाले, "तूच लिहून पाठव, मी सही करतो." इथे ही पद्धत सर्रास आहे, पण मला ती पटत नाही. माझ्याबद्दल त्यांना काय वाटतं ते विद्यापीठाला त्यांच्याच शब्दांत कळायला हवं. मी नम्रपणे नको म्हटलं. त्यांना आठवावं म्हणून तीन-चार प्रसंग लिहून पाठवते म्हणाले. ते तयार झाले.

उद्या जेवणाच्या सुट्टीत बँकेत जाऊन शैक्षणिक कर्जाला तारण काय लागेल ते विचारायचं. अप्पाही येतो म्हणालेत.