नऊच्या आतला वसंत

चैत्र-वैशाख वसंत ऋतू, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. वसंताला मात्र शाळेचं वेळापत्रक ठाऊक नाही. सावर फुलते फेब्रुवारीत, पळस तिच्या पाठोपाठ, म्हणजे ऐन परीक्षांच्या तोंडावर. मुलांना सुट्टी लागते तोवर ऊन इतकं तापतं की दुपारी बाहेर पडायचं नाव नको. मग उरतो मॉल. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या मुलखातला वसंत हा सकाळी नऊच्या आत उरकायचा कार्यक्रम आहे. रविवारी उजाडताच निघावं, पाणी, टोप्या आणि डब्यात दशम्या घ्याव्यात, ऊन चढायच्या आत घरी परतावं. अभ्यास बुडाल्याची तक्रार करायलाही कुणाला जागा उरत नाही.

पुण्यातल्या आमच्यासारख्यांना वेताळ टेकडी पुरते. पण खरं तर टेकडीही लागत नाही, फुललेलं एक झाड पुरतं. त्यातही सावर. तिला त्या दिवसांत पान म्हणून नसतं, नुसती लाल फुलं. एरवी मुलांना पक्षी दाखवणं म्हणजे ‘अरे तो बघ, त्या फांदीच्या मागे, तिकडे नाही, इकडे’ असं करत मान मोडून घेणं. शेवटी पोरगं कंटाळून ‘हो, दिसला’ असं खोटंच सांगून मोकळं होतं. सावरीवर सगळा उघडा मामला. साळुंक्या, बुलबुल, कावळे, शिंजीर, एखादी खार, सगळे मकरंदावर तुटून पडलेले. नशीब जोरावर असेल तर भोरड्यांचा थवा उतरतो, गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या. थेट मध्य आशियातून हिवाळा काढायला आलेल्या असतात. इथे आईबापांना भूगोल शिकवायचा अनावर मोह होतो. तो आवरावा. परीक्षा उद्या-परवावर आलेलीच असते.

तेवढ्यात शेजारी थप्प आवाज होतो. सावरीचं फूल पाकळी पाकळी गळत नाही, अख्खं पडतं. चांगलं मूठभर, वजनदार. पाच जाड, मांसल पाकळ्या, मधे पुंकेसरांचा झुबका. पाकळ्या सोलल्या की खाली जाड हिरवी वाटी उरते, आतून लव असलेली, हाताला मऊसूत लागणारी. लहान मुलं त्या वाटीत बोट घालून बसतात ती उठायचं नाव घेत नाहीत. खोडाला मात्र झोंबायचं नाही, चांगले टोकदार काटे असतात. हे एकदा सांगून भागत नाही, प्रत्येक मूल हात लावून खात्री करतंच.

पळसाची फुलंही खाली पडलेलीच गोळा करावीत. फांद्या ओरबाडणारे बाबा लोक मी पाहिलेत, मुलांदेखत. विदर्भात पळस रानोमाळ, तिथे पिशवी भरायला वेळ लागत नाही. आमच्याकडे जरा शोधाशोध. घरी आल्यावर फुलं गरम पाण्यात रात्रभर भिजवली की केशरट पिवळा रंग उतरतो. रंगपंचमीला तो बादलीभर करावा. पांढऱ्या सदऱ्यावर फिकट पिवळा उठतो, बाजारच्या रंगासारखा भडक नाही. मुलं थोडी हिरमुसतात, मग बादलीच डोक्यावर ओततात.

झाडाखाली बसल्या बसल्या तांबट शोधण्याचा खेळ लावून द्यावा. टुक, टुक, टुक, एका लयीत चाललेलं असतं आणि पठ्ठ्या दिसत नाही. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर लाल ठिपका. सहसा उंच शेंड्याला, वाळक्या फांदीवर बसतो. दुर्बीण असेल तर प्रत्येक ‘टुक’सरशी फुगणारा गळा दिसतो. पण दुर्बिणीवरून भांडणं होतात, हे धरूनच चालावं.

मे महिन्यात गुलमोहर. हे झाड मूळचं मादागास्करचं, पण त्याच्या फुलांचे खेळ पक्के आपले. पाकळ्यांखालची हिरवी-लाल दलं अलगद सोलून नखांवर चिकटवायची, झाल्या लांब नखांच्या बायका. पुंकेसरांची टोकं एकमेकांत अडकवून ओढायची, ज्याचं डोकं तुटलं तो हरला.

आणि करवंदं. सिंहगडाच्या वाटेवर पानाच्या द्रोणात विकत मिळतात, पण जाळीत हात घालून, ओरखडे काढून घेऊन खाल्लेल्यांची गोष्ट वेगळी. चिकानं ओठ चिकटतात, बोटं काळी होतात. खाण्याआधी मात्र विचारायचं, ‘कोंबडा की कोंबडी?’ फोडल्यावर आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. चुकला त्यानं आपल्या वाट्याचं एक करवंद द्यायचं. भानगड होते ती गुलाबी निघाल्यावर. मुलं पुन्हा खेळू म्हणतात, रडीचा डाव सुरू होतो तो मोठ्यांचा. आमच्या कंपूतले एक काका तर निकाल लागायच्या आत पुरावाच खाऊन टाकतात.