तळजाईची नोंदवही: मार्चची फेरी

रविवारी सकाळी साडेसहाला पुण्यातल्या तळजाई टेकडीवरच्या पाचगाव-पर्वती वनविहारात शिरलो. डिसेंबरनंतरची पहिलीच फेरी. गिरिपुष्प फुललंय, त्यामुळे टेकडी गुलाबी दिसतेय. आपण मात्र खाली बघणारी माणसं, आणि दाट गिरिपुष्पाखाली वाळक्या पानांशिवाय फारसं काही नाही. मध्य अमेरिकेतलं हे झाड. फांदी रोवली की लागतं, मुरमाड उतारावर तग धरतं, शेरडं सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर ते भरमसाट लावलं गेलं. आता वनखातं टप्प्याटप्प्याने ते काढून देशी झाडं लावतंय.

पायवाटेलगतच्या एकाच तुकड्याची नोंद मी दोन पावसाळे ठेवतोय. मोजलेल्या २६ रोपांपैकी १९ जिवंत आहेत: खैर, बहावा, आपटा, पळस. पळस अजून गुडघ्यालाही लागत नाही, पण तो आधी मूळ खोल सोडतो, तेव्हा त्याची काळजी नाही. काळजी आहे ती तोडलेल्या गिरिपुष्पाची. प्रत्येक बुंध्याला हातभर फुटवे आलेत, ते पुन्हा पुन्हा छाटावेच लागणार. तरी एका दमात सगळं तोडू नये असंच माझं मत. सावली एकदम गेली की घाणेरीचं तण घुसतं.

आणि मग ते भोकर दिसलं! गिरिपुष्पाच्या जुन्या बुंध्याला खेटून, वीतभर उंच, पाच पानं, दोन किडीने चाळणी केलेली. आळं नाही, आधाराची काठी नाही, म्हणजे कोणी लावलेलं नाही. बुलबुलाने किंवा कोकिळेने फळ खाऊन बी टाकलं असणार. मी तिथेच दहा मिनिटं उकिडवा बसून होतो. दोन वर्षांच्या नोंदीतलं हे पहिलं आपसूक उगवलेलं रोप.

उतारावर सोनसावरही फुललीय. पान एक नाही, नुसती पिवळीधमक फुलं आणि त्यांवर शिंजीर पक्षी.

गच्चीवरची खबर: रस्त्याकडेच्या मेडशिंगाची शेंग, खरंच मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली, फोडून कागदी पंखांच्या ३० बिया पेरल्या होत्या. ११ उगवल्या. बहाव्याचं बी पॉलिश पेपरवर घासून रात्रभर भिजवलं, तर ४० पैकी २९ आलं. न घासलेल्यातलं एकही नाही.

मेडशिंगाची रोपं जूनमध्ये वनरक्षकांना विचारून देईन. पाचुंद्याच्या झाडाचं ताजं बी कोणाकडे असेल तर कळवा, माझ्याकडे दोनदा फुकट गेलं.