मेलेलं की गाळाखालचं?

समुद्रतळावरच्या प्रवाळांची पाण्याखाली नोंद घेताना पाटीवर ‘मृत प्रवाळ’ लिहूनही झालं होतं. मग तळहाताने हलकंसं पाणी हलवलं. करडा गाळ उडाला आणि खाली तपकिरी, जिवंत प्रवाळ!

मालवणच्या पाण्यात ही चूक सहज होते. ५० मीटरची टेप तळावर अंथरायची, ठरावीक अंतरावर ५० सेंमीची चौकट ठेवून बरोबर वरून फोटो घ्यायचा. पायातल्या फिनचा (पोहण्याच्या पंखाचा) एक फटका खाली बसला की गाळ उठतो, पुढचे फोटो वाया.

पांढरं दिसलं म्हणूनही मेलं समजू नये. ब्लीच झालेल्या, म्हणजे रंग उडालेल्या प्रवाळावर पारदर्शक, जिवंत कातडी असते. मेलेल्यावर शेवाळ चढतं.

१९८७ पासूनचं हे सागरी अभयारण्य. एवढ्या वर्षांत कागदावर मेलेली किती प्रवाळं खाली जिवंत असतील?