शेतीचं जुनं सामान लिलावात काढताना

वडिलांमागे जमिनीचं काय करायचं हे सांगणारे पावलोपावली भेटतात. सामानाचं कुणी सांगत नाही. सातबारावर पेरणीची तिफण नसते, वखर नसतो, तांब्याचं घंगाळ नसतं. आप्पा गेले, जमीन बटाईने दिली आणि मळ्यातल्या दोन खोल्या नि गोठा तसाच भरलेला राहिला. भाऊ सुरतला, ताई शिरपूरला, मी जळगावला. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आता माय एकटीच असते. भंगारवाला आला, दारातूनच नजर फिरवली आणि अख्ख्या सामानाचा एकच आकडा सांगून मोकळा झाला. मायने त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

लिलाव करायचा ठरल्यावर आधी वारस नोंद पूर्ण होऊ दिली. तलाठ्याकडे अर्ज, मग १५ दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. ही नोंद जमिनीपुरतीच असते, पण तिच्यामुळे चार नावं पक्की झाली: माय, आम्ही दोघे भाऊ आणि ताई. त्याच चार नावांचं संमतीपत्र केलं आणि सामानाची यादी त्याला जोडली. ताईची सही घ्यायची काय गरज, असं भाऊबंदांपैकी एकाने विचारलं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, आणि वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत तर १९५६ च्या कायद्यापासूनच आहे. ती सही सगळ्यात आधी घेतली.

यादीचं खरं काम तात्यांनी केलं. तात्या आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी, होते, माझ्या शाळेच्या दिवसांपासून. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल बदलायचं, गावातले बाकीचे सालदार मालक बदलायचे, तात्या आमच्याकडेच राहायचे. मी वही घेऊन बसलो आणि ते एकेक वस्तू उचलून सांगत गेले. मला जो लाकडांचा ढीग दिसत होता त्यातून त्यांनी दोन तिफणी, एक पांभर (तीही पेरणीचीच), वखराच्या लोखंडी पासा, कोळपणीचे डवरे, जू आणि जुवाच्या खुंट्या म्हणजे शिवळा वेगळ्या काढल्या. फणांमधलं अंतर वितीने मोजून कुठली तिफण कुठल्या पिकाची तेही सांगितलं. एका तिफणीचं चाडं, म्हणजे बी सोडायचं भांडं, फुटलं होतं म्हणून मी ती जळणात टाकायला निघालो, तर म्हणाले, "भाऊ, हाई भंगार नही शे. चाडं नवं बसाडा, पेरनी व्हई." ती तिफण आम्ही चौघांनी यादीतूनच काढली आणि त्यांना दिली.

त्यांच्यामुळेच सामानाचे तीन भाग पडले. कामाचं, म्हणजे शेतकरी घेऊन उद्या वापरेल असं. शोभेचं, म्हणजे हॉटेलवाले नि ढाबेवाले घेतात ते. आणि वजनावर जाणारं. डिझेल इंजिन मी तिसऱ्यात धरलं होतं, कारण बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, धूड. तात्यांनी फ्लायव्हील हाताने फिरवून दाखवलं, ते सहज फिरलं. इंजिन पहिल्या भागात गेलं. बैलगाडीच्या चाकांवरची लोखंडी धाव घट्ट होती, आरे शाबूत होते. तिची चाकं वेगळी विकायची नाहीत, गाडी जुवासकट एकालाच द्यायची, हे आम्ही यादीतच लिहून टाकलं.

भांड्यांपाशी मात्र थांबावं लागलं. पितळी-तांब्याच्या भांड्यांवर नावं घातलेली होती. लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख असते. ती एकेक पुसून वाचली. मायच्या माहेरची सगळी बाजूला काढली. तो तिचा स्वतःचा ऐवज, वडिलांच्या मालमत्तेत तो मोजायचाच नाही. मांडे (मोठ्या पुरणपोळ्या) भाजायचं खापर आणि भरीत ठेचायची लाकडी बडगीही तिने घरात नेली. बाकीचं वजन करून यादीत घातलं.

गोठ्याच्या माळ्यावर कपाशीच्या फवारणीची जुनी औषधं निघाली. त्यात एंडोसल्फानची डबडी होती, ज्याच्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. अशी डबडी रिकामी असली तरी भंगारात देऊ नका, कुणीतरी धुऊन पाण्याला वापरतं. आम्ही ती वेगळी बांधली, खोलीला कुलूप लावलं आणि तालुका कृषी कार्यालयात दाखवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे विल्हेवाट लावली.

दिवस आखाजीच्या आधीचा धरला. गहू, हरभरा, दादर (रब्बी ज्वारी) घरात आलेली असते, हातात पैसा असतो आणि खरिपाच्या अवजारांची तयारी सुरू झालेली असते. ऊन चढायच्या आत आटपायचं म्हणून सकाळीच खळ्यात सामान मांडलं. पुकारा करायला गावातले एक काका बोलावले, देवळाच्या आंब्यांचा लिलाव तेच पुकारतात. प्रत्येक वस्तूची कमीत कमी किंमत आम्ही आधी ठरवून ताईच्या वहीत ठेवली होती आणि ती बाहेर सांगितली नव्हती. हे फार उपयोगी पडलं. बाहेरून आलेले खरेदीदार आपसांत ठरवून येतात, एकमेकांवर बोली चढवत नाहीत. काका "दोनवार" म्हणून थांबले की ताई मान हलवायची, आणि वस्तू परत मागे जायची. दोन-तीनदा असं झाल्यावर बोली सुटली. एकट्या इंजिनाला भंगारवाल्याच्या सगळ्या आकड्यापेक्षा जास्त मिळालं, आणि ते शेजारच्या गावातल्या भाजीवाल्या शेतकऱ्याने नेलं, याचा मला जास्त आनंद झाला. गाडी आग्रा रोडवरच्या ढाबेवाल्याला हवी होती, पण बैल असलेल्या एका शेतकऱ्याने शेवटपर्यंत सोडली नाही. विहिरीतून पाणी ओढायच्या मोटेला आणि तिच्या चाकाला बोलीच लागली नाही.

खर्च वजा करून चार सारखे हिस्से खात्यांवर टाकले आणि हिशोबावर चौघांच्या सह्या घेतल्या.

ट्रॅक्टर लिलावात ठेवला नव्हता. मालक गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवावं लागतं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यावा लागतो. कर्ज असेल तर बँकेकडून नमुना ३५ घेऊन बोजाही उतरवायचा. आप्पांच्या नावावर असतानाच नुसत्या कागदावर लिहून घेऊन तो न्यायला दोघे तयार होते. उद्या अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, असं विचारल्यावर त्यांचं बोलणं थांबलं. बोजा उतरलाय, अर्ज मायच्या नावाने दिलाय, विमा चालू ठेवलाय. ट्रॅक्टरचं आरसी पुस्तक हातात आलं की भाऊ सुरतेहून येईल आणि विक्रीचं तेव्हा बघू.