तुम्ही विचारलंत म्हणून: ‘इट्स माय लाइफ’सारखा ठेका घरी का जमत नाही?

लॅपटॉपवर गाणी बांधणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न आहे. डॉक्टर अल्बनचं ‘इट्स माय लाइफ’ ऐकायला इतकं सोपं वाटतं, मग तसाच ठेका घेऊन केलेलं आमचं गाणं गिचमिड का होतं? तुम्ही वाद्यं जास्त घेता आणि ती एकमेकांच्या मांडीवर बसवता, हे त्याचं कारण.

आधी माणसं. अल्बन न्वापा मूळचा नायजेरियाचा. दंतवैद्यकी शिकायला तो स्वीडनला गेला आणि शिकता शिकता स्टॉकहोमच्या क्लबात डीजेगिरी करू लागला. नावातलं ‘डॉक्टर’ पोकळ नाही, तो खरोखर दातांचा डॉक्टर आहे. १९९२चं हे गाणं ‘वन लव्ह’ या अल्बममधलं. जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. ब्रिटनमध्ये दुसऱ्यावर पोचलं, आणि तिथे त्याला हात दिला तो टॅम्पॅक्स या सॅनिटरी टॅम्पॉनच्या जाहिरातीने. निर्माता डेनिझ पॉप, म्हणजे डाग व्होले. तोही मुळात डीजेच, ‘स्वेमिक्स’ या डीजेमंडळींच्या गटातला. वादक हाताला काय वाजवता येतं ते वाजवतो, डीजे मात्र समोरच्या पायांकडे बघून एकेक गोष्ट काढत जातो. या गाण्याचा मोकळेपणा तिथून आलाय.

आता कामाला लागू. वेग मिनिटाला १२५ ठोके धरा, हिशेब सोपा पडतो. एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा, अर्धा २४०चा, चार ठोक्यांचा बार १.९२ सेकंदांचा. (चार मिनिटांच्या गाण्यात बरोबर १२५ बार बसतात, हा निव्वळ योगायोग नाही, गणितच तसं आहे.)

किक, म्हणजे ड्रमचा जाड ‘धप्प’ ठोका, चारही ठोक्यांवर, एकाच जोराची. तबल्याच्या भाषेत सांगायचं तर इथे खाली नाही, चारही मात्रा भरीच्या. आवाज रोलंड टीआर-९०९ या ड्रम मशीनच्या जातीचा घ्या. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर टाळी. उघडा हाय-हॅट (ड्रमवरच्या झांजांच्या जोडीचा ‘त्स’ आवाज) दोन किकच्या बरोबर मधोमध. ‘माणसाने वाजवल्यासारखं’ वाटावं म्हणून ठोके मागेपुढे सरकवायचं बटण असतं, त्याला हात लावू नका. स्विंगही, म्हणजे मधले ठोके जरा उशिरा पाडणं, शून्य. यंत्रासारखं चालणं हाच या ठेक्याचा डौल आहे.

खरी गोम बेसमध्ये, म्हणजे खालच्या जाड सुरांच्या ओळीत आहे. युरोडान्सचा, म्हणजे या जातीच्या युरोपी नाचगाण्यांचा, सगळ्यात भरवशाचा बेस किकवर पडत नाही, हाय-हॅटबरोबर मधल्या जागेत पडतो. म्हणजे किकनंतर २४० मिलिसेकंदांनी. तोपर्यंत किकचा घुमारा संपलेला हवा, म्हणून किकची शेपूट २०० मिलिसेकंदांच्या आत कापा. बेसचा सूरही साधारण १८० मिलिसेकंदांत आवरा, म्हणजे पुढची किक कोऱ्या जागेत पडेल. एवढं केलंत तर किक वाजताना बेस दाबणाऱ्या साइडचेन कॉम्प्रेसरची गरजच उरत नाही. तरी तो जोरात लावलात तर गाणं धापा टाकू लागतं आणि १९९२ सोडून पुढच्या दशकात जातं.

स्वर ए मायनरमध्ये ठेवला तर ए, एफ, सी, जी हा चार बारांचा फेरा पुरतो. हा सर्वसाधारण साचा झाला, अल्बनच्या गाण्याची नक्कल नव्हे. बेसचा खालचा ए ५५ हर्ट्झचा असतो. किकची पट्टीही तिथेच जुळवली तर दोन्ही एका घरचे वाटतात. फोनच्या स्पीकरला ५५ हर्ट्झ झेपत नाही, तिथे बेस गायबच होतो. त्यासाठी तीच ओळ एक सप्तक वर, ११० हर्ट्झपासून, हळू आवाजात जोडा आणि तिला किंचित खरखर द्या. ३० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका. ते जवळजवळ ऐकू येत नाही, नुसती जागा खातं.

वरच्या सुरावटीला एकच आवाज द्या, फार तर दोन. कॉर्ग एम-वन हे १९८८चं कीबोर्ड त्या काळी सगळीकडे होतं. त्याच्या ‘ऑर्गन टू’ या एका तयार आवाजावर, स्वेमिक्समधल्याच स्टोनब्रिजने रॉबिन एस या गायिकेच्या ‘शो मी लव्ह’चं रिमिक्स उभं केलं. सध्याच्या प्लगिनमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्या वाद्यांमध्ये, पहिलाच भेटतो तो सुपरसॉ, म्हणजे एकच सूर किंचित बेसूर करून अनेकदा एकत्र वाजवलेला फुगलेला आवाज, आणि नवशिके हमखास तिथे फसतात. तो आवाज रोलंड जेपी-८०००ने आणला, १९९६ साली. गायकाचा सूर आपोआप सुधारणारं ऑटो-ट्यून १९९७चं. म्हणून या गाण्यात दोन्ही खटकतात. सूर बारातल्या आठ अर्ध्या ठोक्यांत तीन-तीन-दोन अशा तुकड्यांत तोडा, म्हणजे सरळ चालणाऱ्या किकवर तो तिरका बसतो आणि पाय हलतात.

रचना आठ-आठ बारांची. दोन-अडीच मिनिटांनी किक काढून टाकतात. खाली म्हणायची असेल तर ती ही, पूर्ण गाण्यात एकदाच. ती आठ बार, म्हणजे पंधरा सेकंद, पुरे. ३२ बार ठेवलीत तर मिनिटभर ठेका नाही, आणि लोक पाणी प्यायला जातात.

रॅपचा आवाज कोरडा ठेवा. १०० हर्ट्झखाली कापा आणि ओळीच्या शेवटच्या शब्दालाच ४८० मिलिसेकंदांचा पडसाद द्या. सगळ्या ओळीवर दिलात तर शब्द एकमेकांत घुसतात. मागे गाणाऱ्या बायकांचे आवाज मात्र चार वेळा रेकॉर्ड करून दोन डावीकडे, दोन उजवीकडे पसरा, आणि घुमाराही त्यांनाच द्या. समोरचा माणूस जवळ, कोरस लांब, एवढाच फरक कानाला हवा.

मराठी शब्द बसवायचे असतील तर अल्बनची पद्धत सोयीची आहे. त्याचं म्हणणं अमेरिकी रॅपपेक्षा जमैकन टोस्टिंगच्या, म्हणजे तालावर बोलत गाण्याच्या, जवळ जातं, म्हणजे कमी शब्द आणि भरपूर श्वास. १२५च्या वेगाला पाव ठोक्यावर एक अक्षर म्हटलं तर सेकंदाला आठांहून जास्त अक्षरं होतात, आणि मराठीतली जोडाक्षरं तिथे दातात अडकतात. अर्ध्या ठोक्याला एक अक्षर धरा. मग बारात आठ अक्षरं मावतात, म्हणजे लहान अभंगाचा चरण. पण आठही भरलीत तर श्वास घ्यायला जागा नाही. म्हणून मोठ्या अभंगाचं माप वापरा. सहा, सहा, सहा आणि चार. पहिल्या तीन बारांत शेवटी एकेक ठोका मोकळा मिळतो, चौथ्यात दोन. दुसरी अडचण यमकाची. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे प्रत्येक ओळ ‘आहे’, ‘नाही’, ‘जातो’वर आपटते. क्रियापद मधे ओढा आणि शेवटी नाम आणा. चौथ्या बारातले ते दोन रिकामे ठोके रॅपरने भरायचे नाहीत, तिथे कोरसने उत्तर द्यायचं.