एका शब्दाचा तास

नववीला इतिहासात जहाल-मवाळांचा धडा होता. मवाळांच्या अर्ज-विनंत्यांना जहाल ‘पोलिटिकल मेंडिकन्सी’, म्हणजे राजकीय भिक्षेकरीपणा, म्हणत, असं बाईंनी सांगितलं. तो शब्द घेऊन आम्ही पुढच्या तासाला इंग्रजीच्या सरांना गाठलं. त्या दिवशीची कविता राहिली ती राहिलीच. शाळेतला दुसरा कुठलाही तास मला इतका लख्ख आठवत नाही.

सरांनी फळ्याच्या मधोमध लिहिलं : मेंडम. लॅटिनमध्ये याचा अर्थ दोष, व्यंग. त्यावरून मेंडिकस, म्हणजे मुळात शरीराने अधू आणि म्हणून भीक मागून जगणारा. त्याचाच पुढे मेंडिकंट झाला. मग सरांनी दुसऱ्या बाजूला बाण काढला. दोष काढून टाकणं ते इमेंड, अमेंड. आणि अमेंडचं आखूड रूप मेंड. फाटका सदरा शिवणं आणि दारोदार हात पसरणं यांचे शब्द एकाच घरातले निघाले, तेव्हा मागच्या बाकापर्यंत कुजबुज पसरली.

तेराव्या शतकात युरोपात मेंडिकंट या शब्दाला मानही मिळाला. श्रीमंत कापड व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या असिसीच्या संत फ्रान्सिसने सगळं सोडून भिक्षेचं व्रत घेतलं. त्याच्या पंथाचे लोक 1517 साली गोव्यात आले. जुन्या गोव्यातलं त्यांचं चर्च आम्ही सहलीत पाहिलं. गरिबीचं व्रत आणि वेदीवरचा सोन्याचा मुलामा यांचा मेळ मला तेव्हा लागला नाही, आजही लागत नाही.

तास संपता संपता कुणीतरी विचारलं, “सर, आपल्या ‘भिक्षे’चं काय?” भिक्षा ‘भज्’ धातूवरून आली, सर म्हणाले. भज् म्हणजे वाटणं, वाटा मिळणं. भिक्षा म्हणजे वाटा मिळावा ही इच्छा. भाग, भक्त, भक्ती हेही त्याच धातूचे.

लॅटिनने मागणाऱ्याचं व्यंग पाहिलं, संस्कृतने त्याचा वाटा. त्यामुळे मवाळांकडे बघण्याची माझी नजरच बदलली. इंग्लंडकडे जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडणारे आणि 1906च्या कलकत्ता अधिवेशनात अध्यक्षपदावरून स्वराज्य मागणारे दादाभाई नौरोजी देशाचा वाटाच मागत होते. त्याला भीक म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेच्या वाचनालयाला मी एक व्युत्पत्तिकोश देत आहे. तो कपाटात न ठेवता मुलांच्या हाताशी, टेबलावर असू द्यावा, एवढी विनंती.