काकांचा बेडका तीनदा द्यावा लागला

बाबांच्या बेडक्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला, तोवर घरात फुप्फुसाचे आणखी एक पेशंट आहेत हे आम्ही डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. बाबांना जुन्या टीबीनंतर ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावतात तो आजार), काकांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागतो तो जुनाट आजार). महाल भागातल्या आमच्या घरी दोघे एकाच खोलीत झोपायचे, नेब्युलायझरही (औषधाची वाफ देणारं मशीन) एकच. डॉक्टर म्हणाले, "धडधाकट माणसाला हा जंतू सहसा काही करत नाही. पण काकांचं कल्चर करून घ्या." कल्चर म्हणजे बेडक्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी.

बाबांची औषधं त्याच दिवशी सुरू झाली. अडकलो ते काकांपाशी.

लॅबच्या खिडकीतून डबी मिळाली आणि "थुंकी आणा" एवढाच हुकूम. काकांनी अक्षरशः थुंकीच दिली. वर मे महिन्याच्या उन्हात ती डबी माझ्या पिशवीत तीन तास फिरली. उत्तर आलं : लाळ आहे, पुन्हा द्या. पुन्हा दिला, तर टीबीची तपासणी करून ठेवली! चिठ्ठीवर 'कल्चर' स्वच्छ लिहिलेलं होतं. खिडकीतला मुलगा म्हणतो, "मॅडम, टीबी नाही निघाला, चांगलंच झालं ना?" इकडे काका रात्ररात्र खोकत होते. शेजारच्या काकू घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन आल्या, त्या मी हात जोडून परत पाठवल्या. नमुन्याआधी अँटिबायोटिक पोटात गेलं, तर कल्चरमध्ये जंतू न वाढण्याचीच शक्यता.

शेवटी एका सिस्टरने नीट सांगितलं. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून बेडका काढायचा. डबी 2 तासांच्या आत पोचवायची, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायची. एवढं पहिल्या दिवशी सांगायला किती वेळ लागला असता?

तसा तिसऱ्यांदा बेडका दिला. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, स्यूडोमोनास नाही. लॅबच्या पायऱ्यांवरच बसून मी आईला फोन केला. बोलता येईना.

आता दोघांचे नेब्युलायझरचे मास्क आणि औषधाचे कप वेगळे, रोज धुऊन पूर्ण कोरडे करायचे. ओल्या जागी हा जंतू तग धरतो, म्हणून कूलरच्या टाकीतलं पाणीही साचू देत नाही. काकांचा पलंग पुढच्या खोलीत गेलाय.

आणि हो, पैसे देण्याआधी पावती वाचा. 'कल्चर' हा शब्द छापलेला नसेल, तर खिडकी सोडू नका.